केदुंगवारूचा अधिकृत वास

केदुंगवारूच्या कातडी गल्लीत वास येत नाही, अशी लेखी तक्रार जिल्हा पर्यटन कचेरीकडे दाखल झाली आणि कचेरीने तिची गंभीर दखल घेतली.

तक्रार सुराबायाहून सहलीला आलेल्या एका बाईंची होती. त्यांनी लिहिलं होतं, "कातडी कमावण्याचं पारंपरिक गाव बघायला म्हणून आम्ही बसभर माणसं एवढ्या लांब गेलो. निघताना नाकाला लावायला रुमाल घेतले, लिंबं घेतली, मळमळीच्या गोळ्या घेतल्या. प्रत्यक्षात गल्लीत ओल्या लाकडासारखा काहीतरी मंद दरवळ होता. लिंबं जशीच्या तशी परत आणावी लागली. यावरून तिथला माल चामड्याचा नसून रेक्झिनचा असावा, असा आमचा दाट संशय आहे. योग्य ती कारवाई व्हावी."

योग्य ती कारवाई बाटिकचा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पाक कार्सोनोच्या दारात येऊन उभी राहिली. तिचं नाव पाक सुगेंग. पाक म्हणजे आमच्याकडचं 'राव', आणि बाईमाणसाच्या नावाआधी लागतं ते बू.

कार्सोनो त्या वेळी कुंडावर होता. गल्लीत सालीच्या पाण्यात कातडं कमावणारा तो आता एकटाच उरला होता. बाकीचे सगळे कारखान्यातून तयार कातडं आणायचे आणि नुसतं शिवायचे. कार्सोनोच्या आवारात त्याच्या बापाने बांधलेली तीन कुंडं होती, आणि त्यांत महोगनीच्या सालीचं चहासारखं लालभडक पाणी. हे पाणी बापाच्या वेळेपासून कधी पूर्ण उपसलेलं नव्हतं. कमी झालं की नवी साल, नवं पाणी घालायचं, पण जुनं ओतून द्यायचं नाही. विरजण मोडू नये, तसंच ते. नवं कातडं आधी सगळ्यात जुन्या, मवाळ पाण्यात पडायचं, मग पुढच्या कुंडात, मग त्याच्या पुढच्या. ज्या दिवशी ते पाणी मातीत जाईल त्या दिवशी केदुंगवारूचं कातडं संपलं, हे कार्सोनोला पक्कं ठाऊक होतं. जगात दुसऱ्या कशाचीच त्याला एवढी काळजी नव्हती. बायकोचीसुद्धा नाही, असं बायको म्हणायची.

वासाची हकिगत अशी, की एके काळी तो होता आणि चांगला सणसणीत होता. कार्सोनोच्या तरुणपणी गल्लीत पाहुणा आला, तर चहा पलीकडच्या गावात जाऊन पिऊ म्हणायचा. बू पार्तिनी लग्न होऊन आली तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "या घरात एक तर हा वास राहील, नाहीतर मी." मग कार्सोनोने ओली कातडी भिजवणं, चुन्यात घालणं, केस काढणं, खरवडणं, हा सगळा घाण मारणारा कारभार नदीकाठी, कत्तलखान्याच्या मागे नेला. गल्लीत यायचं ते धुतलेलं, स्वच्छ, गोरंपान कातडं. हे जमवायला त्याची निम्मी हयात गेली. तेव्हा कुठलं साहेब लोकांचं पथक शाबासकी द्यायला आलं नव्हतं.

"पाक कार्सोनो," चहाचा पहिला घोट घेऊन पाक सुगेंग म्हणाले, "पर्यटकाला इंद्रियं पाच. तुमच्याकडे डोळ्यांना आहे, हाताला आहे. हातोडीची ठकठक कानाला आहे. जिभेला म्हणाल तर बू पार्तिनींचे म्हशीच्या कातड्याचे तळलेले पापड आहेत, वा! पण नाक? नाक तुमच्याकडून रिकामं परत जातंय हो."

"हो," कार्सोनो म्हणाला.

"अनुभवात त्रुटी राहते."

"हो ना."

"तर वासाचं काहीतरी बघा. पूर्वी होता म्हणे छान."

"हो हो. बघतो की."

कार्सोनोला नाही म्हणता येत नसे. हे त्याचं एकट्याचं दुखणं नव्हे. आमच्याकडे समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याच्या अंगावर चूळ टाकण्यासारखं. हो म्हणायचं, चहा पाजायचा, तळलेला कसावा पुढे करायचा आणि मग ते काम करायचंच नाही, ही आमची सभ्य रीत. दोन्ही बाजूंना ती ठाऊक असते, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. अडचण एवढीच, की सरकारी कचेरीला हो तेवढं ऐकू येतं.

पुढच्या आठवड्यात "पारंपरिक गंध पुनरुज्जीवन योजना" मंजूर झाली आणि कार्सोनो तिचा लाभार्थी झाला. लाभार्थ्याने काय करायचं? कत्तलखान्यामागून ओल्या कातड्यांचं पिंप आणून फाटकापाशी उघडं ठेवायचं.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" पार्तिनी पदराने नाही, तर अख्ख्या ओढणीने तोंड बांधून बाहेर आली. "एवढी वर्षं घासून घासून घालवला तो वास, आणि आता पाहुण्यासारखा दारात आणून बसवलात?"

"साहेब म्हणाले."

"साहेब म्हणाले आणि तुम्ही काय म्हणालात?"

कार्सोनो पिंप सरळ करू लागला. काय म्हणाला असेल हे पार्तिनीला लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं.

पण सांगायला वाईट वाटतं, योजना यशस्वी झाली. पुढची बस आली. फाटकापाशी पोचताच बायका किंचाळल्या, पुरुषांनी नाकं दाबली, आणि मग सगळ्यांनी दाबलेल्या नाकांनिशी पिंपाशेजारी उभं राहून फोटो काढले. "बाई बाई, केवढं अस्सल!" असं म्हणत दुकानातल्या चपला, पट्टे, पाकिटं हातोहात नेली. बू पार्तिनीचे पापड मात्र कुणी खाल्ले नाहीत. जिल्ह्याने हमरस्त्यावर तपकिरी पाटी लावली, "चर्मग्राम केदुंगवारू", आणि खाली बाण. कार्सोनो सायकल काढून ती पाटी बघून आला. संध्याकाळी परत एकदा बघून आला. बाण सरळ आपल्या घराकडे होता हे त्याने पार्तिनीला जेवताना सांगितलं, आणि तिने भाताचं ताट घेऊन मागच्या अंगणात बसकण मारली.

यानंतर बू एन्दांग आल्या. त्या जिल्हा पर्यावरण कचेरीच्या. ही कचेरी पर्यटन कचेरीच्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, फक्त व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. पाक सुगेंग आणि बू एन्दांग दुपारचं जेवण रोज एकाच टेबलावर करत. पण कामाचं काही असलं की एकमेकांना टपालाने कळवत, आणि ते टपाल यायला बराच वेळ लागे.

"पाक कार्सोनो, तुमच्या आवारातून दुर्गंधी येते," बू एन्दांग मोठ्या आवाजात म्हणाल्या. रुमालातून बोलत होत्या म्हणून.

"हो," कार्सोनो म्हणाला.

"ती ताबडतोब बंद झाली पाहिजे."

"हो हो. लगेच."

"उत्तम. सहकार्याबद्दल आभारी आहे."

म्हणजे आता कार्सोनोने वास सोडायचाही होता आणि बंदही करायचा होता, आणि दोन्हींना त्याची संमती होती. चार दिवस तो पिंपाचं झाकण पर्यटन कचेरीची गाडी दिसली की उघडायचा आणि पर्यावरणची दिसली की लावायचा. पाचव्या दिवशी दोघंही एकाच गाडीतून आली. कार्सोनो झाकण हातात धरून फाटकात तसाच उभा राहिला.

आता तुम्हाला वाटेल, भांडण झालं असेल. छे! आमच्याकडे दोन अधिकारी एकमेकांना चुकीचं म्हणत नाहीत. संयुक्त बैठक झाली. बैठकीला तिखट कालवण आणि नारळाचं दूध घातलेला भात होता. शेवटी सर्वानुमते असं ठरलं, की पर्यटन कचेरीच्या म्हणण्याप्रमाणे वास असावा, आणि पर्यावरण कचेरीच्या म्हणण्याप्रमाणे तो येऊ नये.

त्यासाठी कार्सोनोच्या अंगणात काचेची खोली बांधण्यात आली. तिचं नाव "गंधानुभव कक्ष". आत पिंप. पर्यटकाने दारातून आत जायचं, वास घ्यायचा, दुसऱ्या दाराने बाहेर यायचं. दोन्ही दारांना रबरी पट्ट्या, वास निसटू नये म्हणून. कक्षासाठी जागा लागली, म्हणून कार्सोनोचा कातडी वाळवायचा मांडव पाडला. "चालेल ना?" असं रीतसर विचारलं होतं. त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहेच.

काचेत कोंडलेला वास उन्हात जो पिकला, त्याचं वर्णन मी करत नाही. एका मास्तरांना आत चक्कर आली, आणि त्यांना ओढून काढायला गेलेल्या गाइडलाही आली. त्यावर समिती बसली. समितीच्या लक्षात आलं, की नैसर्गिक वासात शिस्त नाही. सोमवारी तो कमी असतो, गुरुवारी भलताच असतो, पाऊस पडला की बदलतो. पर्यटकांना समान अनुभव मिळण्याचा हक्क आहे. सबब वास प्रमाणित, टिकाऊ आणि सहकुटुंब घेण्याजोगा असला पाहिजे.

सोलो शहरातल्या एका कंत्राटदाराने दोन नमुने सादर केले. "पारंपरिक चर्मगंध क्रमांक एक" समितीने फेटाळला, कारण तो कातड्यासारखा येत होता. "क्रमांक दोन" मात्र फारच छान होता. नव्या मोटारीत बसल्यासारखा, वर थोडी दालचिनी. समितीतल्या सगळ्यात ज्येष्ठ साहेबांनी बाटली नाकाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हाच. माझ्या आजोबांच्या घोड्याच्या खोगिराचा अगदी हाच वास." साहेबांच्या आजोबांचं किराणा दुकान होतं हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं. पण साहेबांच्या मागोमाग सगळ्यांनी एकेकदा हुंगलं आणि सगळ्यांना आपापले आजोबा आठवले.

"पाक कार्सोनो, तुम्ही तर यातले जाणकार," पाक सुगेंगनी बाटली पुढे केली. "असाच येतो ना?"

सगळी समिती त्याच्याकडे बघत होती. ज्येष्ठ साहेबांचे डोळे अजून ओलसर होते.

"हो," कार्सोनो म्हणाला.

पिंप नदीकाठी परत गेलं. पार्तिनीला वाटलं, सुटलो. तिने त्या दिवशी आनंदाने पापडही तळले. काचेच्या खोलीत छताला फवारा बसला. दर थोड्या वेळाने फुस्स करायचा, आणि आतले लोक "अहाहा" म्हणायचे.

पण आता नवंच लचांड उभं राहिलं. लोक कक्षातून ते खोगिराचं नाक घेऊन बाहेर पडायचे, आणि सरळ कार्सोनोच्या दुकानात येऊन त्याच्या चपला हुंगायचे.

"अहो, याला तर वासच नाही."

"सालीत कमावलंय, ताई. थोडा लाकडासारखा येतो. पुढे तोही जातो."

"आत्ता आत होता तसा नाही येत पण."

"तो... हो, तसा नाही येत."

"मग हे नकली आहे का?"

इथे कार्सोनोची फार पंचाईत व्हायची. 'नाही, ताई' एवढंच म्हणायचं होतं, पण ताई पाहुण्या, आणि त्यांना नकली आहे असं वाटत होतं. त्यांना खोटं पाडायचं कसं? तो हसून "बसा ना, चहा घ्या" म्हणायचा. ताई मान हलवून निघून जायच्या. समोरच कंत्राटदाराने दुसरं दुकान टाकलं होतं. कारखान्यातून आलेल्या रेक्झिनच्या पिशव्या, प्रत्येकीवर सकाळ-संध्याकाळ क्रमांक दोनचा फवारा. तिथे ताई पिशवी नाकाला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि नवऱ्याला म्हणायच्या, "बघा, याला म्हणतात असली."

एवढ्यावर थांबलं असतं तरी कार्सोनोने सोसलं असतं. कुंडं होती, पाणी होतं. चपला खपल्या नाहीत तर शहरातला व्यापारी कमी भावात का होईना घेऊन जायचा. पण प्रकल्प इतका यशस्वी झाला, की उद्घाटन करायचं ठरलं. येणार कोण, तर खुद्द बुपाती, जिल्ह्याचे धनी, आणि त्यांच्या सौभाग्यवती. उद्घाटन म्हटलं की व्यासपीठ आलं. व्यासपीठावर फायबरची राक्षसी चप्पल उभी करायची, एवढी मोठी की सगळं कुटुंब तिच्या अंगठ्यात बसून फोटो काढू शकेल. आणि एवढं वजन पेलायला सपाट, टणक जागा हवी. पाक सुगेंगनी आवारभर फिरून जागा पसंत केली.

"ही तीन डबकी भरून घेऊ," ते म्हणाले. "वरून काँक्रीट."

या वेळी कार्सोनोच्या तोंडून हो निघालं नाही. तेवढ्यापुरतं ते बरंच झालं. "विचार करून उद्या बैठकीत सांगा," असं म्हणून साहेब गेले. विचार करून हो सांगा, असा त्याचा अर्थ.

"आता तरी नाही म्हणा," पार्तिनी म्हणाली.  "मांडव गेला, अंगण गेलं, मी बोलले नाही. बोलले, पण सोडून दिलं. ते पाणी गेलं तर तुम्ही किती दिवस जगाल ते मला माहीत आहे. मी विधवा होणार नाही. म्हणा नाही."

"मला येत नाही गं ते."

"येत नाही म्हणजे? या, शिकवते."

सबंध संध्याकाळ तिने त्याच्याकडून तालीम करून घेतली. आधी कोंबडीसमोर. कोंबडीला नाही म्हणताना कार्सोनोने मान खाली घातली आणि दोन्ही हात पोटाशी जुळवले. पार्तिनीने हात सोडवले. मग शेजारच्या म्हाताऱ्यासमोर. म्हाताऱ्याने बिचाऱ्याने तंबाखू मागितली होती. कार्सोनो "ना..." पर्यंत आला आणि सगळी पुडीच देऊन बसला. शेवटी झोपायच्या आधी तो आरशासमोर उभा राहिला आणि स्वतःला एक स्पष्ट, खणखणीत नाही म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याने आरशाची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी बैठक त्याच्याच ओसरीवर भरली. पाक सुगेंग होते, बू एन्दांग होत्या, समितीचे ज्येष्ठ साहेब होते. प्रश्न आला.

"तर पाक कार्सोनो, त्या कुंडांवर व्यासपीठ. आपली हरकत नाही ना?"

कार्सोनो उठून उभा राहिला. कपाळावर घाम. पार्तिनी दाराआडून मुठी आवळून बघत होती.

"आहे," तो म्हणाला. "कुंडं बुजवायची नाहीत. नाही."

 कुणाचा तरी पेला बशीवर आपटला. आणि मग पाक सुगेंगचा चेहरा हळूहळू उजळला.

"बघा!" ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "बघा, याला म्हणतात संस्कार! आजकाल कोण पाळतं हो हे? चहा विचारला की आधी नको म्हणावं, जेवण विचारलं की आधी नको म्हणावं, तसंच हे. सरकारने एवढा मान दिला, तर एकदम कसा स्वीकारायचा? आधी नको म्हणायचं. वा, पाक कार्सोनो!"

"तसं नाही हो," कार्सोनो रडकुंडीला आला. "मी खरंच नाही म्हणतोय. नाही!"

"दुसऱ्यांदा!" ज्येष्ठ साहेब सद्गदित झाले. "माझे आजोबा असेच होते."

"नाही!" कार्सोनो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. पलीकडच्या गोठ्यातली म्हैस दचकली.

"तीनदा," बू एन्दांग डोळे टिपत म्हणाल्या. "माझ्या आईच्या वेळेनंतर तीनदा नको म्हणणारं मी कुणी पाहिलं नाही."

इतिवृत्तात नोंद झाली, "लाभार्थ्याने प्रथेप्रमाणे त्रिवार नम्रता दर्शवून प्रस्ताव आनंदाने मान्य केला."

कार्सोनो मटकन खाली बसला. त्याचे हात गुडघ्यावर पालथे पडले होते. सालीच्या पाण्याने ते कोपरापर्यंत लालसर रंगले होते, आणि तो रंग कुठल्याही साबणाने निघत नसे. पार्तिनीने ते दाराआडून पाहिलं. ती ओढणी खोचून चहाचं तबक घेऊन बाहेर आली. नाही म्हणून भागत नसेल, तर दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं.

"साहेब," ती चहा देत हळूच म्हणाली, "बुपातींच्या सौभाग्यवती येणार म्हणता. लांबचा प्रवास. आल्यावर हातपाय धुणं, बाकीचं... त्याची सोय कुठे केलीत?"

पाक सुगेंग हातातले कागद चाळू लागले.

"म्हणजे बायकांना लागतं हो," पार्तिनी म्हणाली. "आणि संडास म्हटला की मैलाकुंडी आली. तिच्याशिवाय उद्घाटनाची परवानगीच देत नाहीत ना बू एन्दांग? तीन कप्प्यांची लागते म्हणे."

"तीन कप्प्यांची," बू एन्दांग म्हणाल्या आणि एकदम ताठ झाल्या. "नियमच आहे."

पाक सुगेंगनी घाम पुसला. मंजूर झालेला सगळा पैसा त्या फायबरच्या चपलेत गेला होता. आणि उद्घाटन पुढच्या आठवड्यात. बुपातींना तारीख बदला म्हणणार कोण? म्हणजे त्यांना नाही म्हणण्यातलाच तो प्रकार.

"आता बघा," पार्तिनी चहात साखर ढवळत म्हणाली, "आमच्याकडे मागे तीन कुंडं तर आहेतच. बांधीव आहेत. एकाला एक लागून आहेत. पाणीही तसंच आहे, लालकाळं."

पाक सुगेंगनी बू एन्दांगकडे पाहिलं. बू एन्दांगनी ज्येष्ठ साहेबांकडे पाहिलं. ज्येष्ठ साहेबांनी बशीत चहा ओतला.

"कागदावर कमी पडतं ते तयारच आहे म्हणायचं," पाक सुगेंग म्हणाले. "पाहणी मात्र करावी लागेल."

पाहणी झाली. बू एन्दांग मागच्या बाजूला गेल्या, पण फार जवळ गेल्या नाहीत. मैलाकुंडीच्या जवळ कोण जातं? लांबूनच नाकाला रुमाल लावून त्यांनी मान वळवली. कुंडांवरून ओल्या सालीचा, चहाच्या पुडीसारखा गोड दरवळ येत होता.

"शी! काय वास मारतोय," बू एन्दांग म्हणाल्या आणि शिक्का मारला.

व्यासपीठ आंब्याखाली सरकलं. संडास काचेच्या खोलीशेजारी बांधला. त्याचं पाणी पार्तिनीने गवंड्याला दमात घेऊन स्वतःच्या देखरेखीखाली अगदी उलट दिशेला, खड्डा खणून नेलं. कुंडांभोवती बांबूचा कूड घातला, आणि सरकारने वर पाटी लावली, "मैलाकुंडी. जवळ जाऊ नये."

उद्घाटनाच्या दिवशी बुपातींच्या सौभाग्यवतींनी गंधानुभव कक्षात तीन वेळा जाऊन तीन वेळा "अहाहा" केलं. मग कंत्राटदाराच्या दुकानातली लाल पिशवी हुंगून खांद्याला लावली. परतताना त्या बांबूच्या कुडाजवळून गेल्या, तेव्हा त्यांनी झटकन रुमाल नाकाला लावला, आणि त्यांच्यामागून चालणाऱ्या सगळ्या जिल्ह्याने लावला. कुडाच्या आत कार्सोनो कोपरापर्यंत हात बुडवून म्हशीचं कातडं उलटत होता. एवढी शांतता त्याला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. कुणी विचारायला येत नाही, कुणी पाहणीला येत नाही. केदुंगवारूत खरं कातडं आता फक्त त्या एका जागी तयार होतं, जिथून लोक श्वास रोखून पळत जातात.

पार्तिनी दुपारी त्याला पापड आणि चहा तिथेच नेऊन देते. "काय वास हो तुमच्या मैलाकुंडीला," म्हणून चिडवते, आणि शेजारी बसते. हल्ली ती काचेच्या खोलीच्या बाजूला फिरकतच नाही. क्रमांक दोनने तिचं डोकं दुखतं.

कार्सोनोच्या चपला, पाकिटं शहरातला व्यापारी अजूनही नेतो. माल बघतो, शिवण बघतो, खूश होतो. पण दुकानात मांडण्याआधी प्रत्येक जोडावर क्रमांक दोन मारतो. "काय करू, पाक," तो म्हणतो, "न मारलेला माल गिऱ्हाईक उचलून नाकाला लावतं आणि ठेवून देतं." आणि गिऱ्हाईक म्हणजे कुणी परकं नाही. तुम्हीच. मागे तुम्ही ते पाकीट घेतलंत, आठवतं? रंग नाही बघितलात, टाके नाही मोजलेत. उचललंत ते थेट नाकाशी नेलंत, डोळे मिटलेत आणि दुकानदाराला विचारलंत, "असली आहे ना?" तो हो म्हणाला. म्हणणारच. जा, आणा बरं ते पाकीट. लावा नाकाला. येतोय ना अजून तोच छान वास? कार्सोनो तर म्हणतो, सालीतल्या कातड्याचा वास वर्षभरात उडून जातो.